नव्या छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला काय काय जोडलंत? (अनुभव धागा)

तीन आठवड्यांनी आमचा पहिला ट्रॅक्टर येतोय. २५ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, पुढे लोडर. लोडरसोबत साधी पाच फुटी बकेट मिळते. बाकी काय घ्यायचं याची विक्रेत्याने दिलेली यादी भली मोठी आहे: फोर्क (पॅलेटखाली घालायची दोन पाती), ग्रॅपल (उघडमीट होणारा जबडा), बकेटच्या कडेला लावायची दातांची पट्टी, चाऱ्याच्या गाठी उचलायचा सुळा, चार कामांची उघडणारी बकेट. माहितीपत्रक वाचलं की सगळंच गरजेचं वाटायला लागतं. मला वापरलेल्या माणसांकडून ऐकायचंय. पहिलं काय घेतलंत, शेडमध्ये काय पडून राहिलं, काय आधीच घ्यायला हवं होतं? आमची कामं म्हणजे शेणखत हलवणं, तोडलेल्या फांद्या ओढणं, खडीचा एक लांबलचक रस्ता सारखा ठेवणं आणि पॅलेटवर येणारं पशुखाद्य उतरवणं. एका ओळीचा अनुभवही चालेल.

०००

दादा, अवजारांच्या आधी लोडरच्या पुस्तिकेतलं वजन उचलण्याचं पान उघडा. तिथे बहुतेक दोन आकडे असतात. एक बकेटच्या पिनपाशी मोजलेला, दुसरा पिनच्या ५०० मिलिमीटर पुढे मोजलेला. माझ्या लोडरचे आकडे ५२० किलो आणि ३९० किलो आहेत. जाहिरातीत ५२० छापतात. वजन काही पिनवर बसत नाही, ते पुढेच असतं, म्हणून कामाचा आकडा ३९०. त्यातून अवजाराचं स्वतःचं वजन गेलं. माझी फोर्कची चौकट आणि पाती मिळून ९५ किलो भरतात. म्हणजे पॅलेटवर माझ्या हातात उरतात तीनशेच्या आतबाहेर. हा हिशोब मी ट्रॅक्टर घेतल्यावर केला आणि पहिल्याच पॅलेटला लोडर जागचा हलला नाही. इंजिनाचा आवाज बदलला, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कुईं करायला लागला, पॅलेट होतं तिथेच. शेवटी पोती हातांनी उतरवली.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: जड अवजार म्हणजे मजबूत अवजार असं छोट्या ट्रॅक्टरला लागू होत नाही. अवजाराचा प्रत्येक किलो तुमच्या मालातून कापला जातो. मोठ्या यंत्रांसाठी बनलेली अवजारं स्वस्तात मिळतात, ती घेऊ नका.

०००

वरच्या काकांचं पटलं. तरीही सांगते, पहिली खरेदी फोर्कचीच करा. माझी रोपवाटिका आहे. बकेट आठवड्यातून एखाद्या दिवशी लागते, फोर्क रोज. कारण फोर्कवर तुम्ही काहीही बांधू शकता. मी एका पॅलेटला तिन्ही बाजूंनी फळ्या ठोकून कुंड्यांची पेटी केली. दुसऱ्या पॅलेटवर २०० लिटरची टाकी कायमची पट्ट्यांनी आवळून ठेवलीय. तिसऱ्यावर कुऱ्हाड, करवत, पेट्रोलचा कॅन. पॅलेटखाली पाती घातली की निघाले. प्रत्येक कामाला वेगळं अवजार घेण्यापेक्षा पॅलेट ठोकणं सोपं.

बकेटच्या ओठावर साखळीने आवळून बसवायचे फोर्क मिळतात, तेही मी आधी वापरले. दोन महिन्यांत बकेटचा ओठ मध्ये खाली वाकला. शिवाय माल बकेटच्याही पुढे जातो, त्यामुळे वर सांगितलेला आकडा आणखी घसरतो. त्या वाटेला जाऊ नका.

आणि एक बारीक गोष्ट. सीटवर बसल्यावर पात्यांची टोकं दिसत नाहीत. मी टोकापासून एक फुटावर पिवळा पट्टा मारला आणि पाती जमिनीला समांतर असताना बाहूवर दिसेल अशी एक खूण केली. त्याआधी माझ्याकडून खताची दोन पोती पार आरपार गेली होती.

०००

जोडणी कुठली आहे ते विचारलंत का? हा प्रश्न अवजाराच्या आधीचा आहे. काही लोडरना बकेट थेट पिनांनी बसते. ती बदलायची म्हणजे हातोडी, पहार आणि अर्धा तास. असं असेल तर तुम्ही कितीही अवजारं घ्या, पुढे कायम बकेटच राहील. क्विक जोडणीत ढोबळ दोन घराणी आहेत. एक स्किड स्टिअर या छोट्या लोडर यंत्राची सपाट पाटी, दोन खटके आणि खाली उतरणाऱ्या दोन पिना, तिचं प्रमाण आयएसओ २४४१०. दुसरी युरो, वर हुक आणि खाली आडव्या पिना, आयएसओ २३२०६. काही कंपन्यांची स्वतःची तिसरीच असते. मी वापरलेले फोर्क चांगले मिळाले म्हणून उचलून आणले आणि ते दुसऱ्या घराण्याचे निघाले. मधे अडॅप्टर घातला तर चाळीसेक किलो वाढले आणि माल आणखी पुढे सरकला. विकून टाकले.

०००

सगळे पुढचंच बोलताहेत, मी मागचं लिहितो.

आमच्या शेताला उतार आहे. पहिल्या वर्षी मागे काहीच न लावता बकेटमध्ये ओली माती भरून उतरत होतो. बकेट जमिनीपासून तीन फूट वर, कारण पुढे दगड होते. मागचं एक चाक हलकं झाल्याचं आधी कळलं नाही. ब्रेक दाबला आणि ट्रॅक्टर थांबेचना. आमच्या ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या चाकांना आहेत, बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरना तसेच असतात. मागची चाकं जमिनीला नीट टेकलीच नसतील तर ब्रेक धरणार कुठे? त्यात मी फोर व्हील ड्राइव्ह सोडवून ठेवला होता, नाहीतर पुढच्या चाकांनी तरी थोडं धरलं असतं. बकेट खाली टाकली, ती मातीत रुतली आणि थांबलो. मुलगा दहा पावलांवर उभा होता. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी २०० लिटरचा ड्रम आणला. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरतं, म्हणजे अख्खा ड्रम ४८० किलोच्या घरात. आमच्या ट्रॅक्टरला तेवढं नको होतं, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे अर्ध्याच्या थोडं वर भरला. तो ट्रॅक्टरच्या मागच्या तीन पॉइंट जोडणीवर (खाली दोन बाहू, वर एक दांडा) कायम असतो. काही जण मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. त्याने ट्रॅक्टर जमिनीला धरून राहतो हे खरं, पण पुढच्या अॅक्सलवरचा भार त्याने उतरत नाही. तो उतरवायचा तर वजन मागच्या अॅक्सलच्या मागे लटकलं पाहिजे. तराजूसारखं आहे ते. मी दोन्ही केलंय. उतारावर फोर व्हील कायम लावलेला आणि माल गुडघ्याच्या खाली.

माझ्या मते तुमच्या यादीतलं पहिलं अवजार हेच, आणि ते विक्रेत्याच्या यादीत नाही.

०००

ग्रॅपलबद्दल. वादळात आमची बरीच झाडं पडली, तेव्हा घेतलं. फांद्यांसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. काटेरी ढिगाला हात न लावता चिमटीत धरून उचलता येतं. पण त्याला हायड्रॉलिकची तिसरी फेरी लागते. लोडरच्या नेहमीच्या दोन फेऱ्या बाहू वरखाली करायला आणि बकेट कलती करायला संपतात. जबडा उघडमीट करायला वेगळा व्हॉल्व्ह, पुढपर्यंत दोन होज आणि दांड्यावर एक बटण. ग्रॅपल आलं तेव्हा माझ्या ट्रॅक्टरवर यातलं काहीच नव्हतं. ते सहा आठवडे अंगणात पडून होतं आणि फांद्या मी दोरीने ओढत होते. व्हॉल्व्ह ट्रॅक्टरबरोबरच बसवून घ्या, मागाहून बसवायला जास्त मोडतोड होते.

माप चार फुटी, एकच झाकण, ११० किलो. दुकानात सहा फुटी दोन झाकणांचं दाखवत होते, ते याच्या दुपटीहून जड. फांद्यांचा ढीग आकाराने मोठा असतो, वजनाने नाही, त्यामुळे अरुंद जबड्यातही भरपूर येतं.

उन्हात उभ्या ग्रॅपलचे होज नंतर जोडायला जाल तर बसत नाहीत. आत अडकलेलं तेल तापून फुगतं, दाब वाढतो. सोडवतानाच इंजिन बंद करून बटण दोन्हीकडे दाबा, दाब सोडा, मग होज काढा.

०००

दातांची पट्टी. दोन बोल्ट, दहा मिनिटं. घट्ट मातीत साधी बकेट नुसती घसरत पुढे जाते, पट्टी लावली की घुसते. खडीच्या रस्त्यावर मात्र काढून ठेवा, नाहीतर रस्त्यावर नांगरल्यासारख्या रेघा उठतात.

०००

रस्त्याचं निघालंच आहे तर माझी चूक ऐका. खडी सारखी करायला मी बकेटचं तोंड पूर्ण खाली करून ट्रॅक्टर मागे घेत होतो. काम सुंदर होत होतं. मग बकेटची कड जमिनीतल्या एका गाडलेल्या दगडाला अडली. ट्रॅक्टर मागे येत राहिला, आणि खट्ट असा आवाज झाला. उतरून पाहिलं तर बकेट कलती करणाऱ्या डाव्या सिलिंडरचा दांडा वाकलेला. त्या स्थितीत दांडा पूर्ण बाहेर आलेला असतो आणि सगळा झटका त्याच्यावर येतो. आत घेताना वाकलेला दांडा सीलही कापत गेला, आणि तेलाची धार थेट खडीवर.

आता मी बकेट जवळजवळ सपाट ठेवतो, कड किंचित खाली, वेग माणूस चालतो तेवढा. आणि रस्त्याचं खरं काम मागच्या बॉक्स ब्लेडने, म्हणजे पातं लावलेल्या ओढायच्या पेटीने करतो. ते ब्लेड मागचं वजन म्हणूनही उपयोगी पडतं, त्यामुळे तुमच्या दोन गरजा एकातच भागतील. रस्ता लांब असेल तर याचा विचार करा.

०००

गाठींच्या सुळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चार फूट व्यासाची आणि तेवढीच रुंद गोल गाठ गच्च असेल तर अडीचशे किलोच्या आसपास जाते, पाच फुटी चारशेच्या पुढे. वजन सुळ्याच्या चौकटीपासून दोन फूट पुढे असतं. छोट्या लोडरला हे झेपतं असं वाटतं, पण मला वजनापेक्षा दुसरी भीती आहे. साध्या लोडरचे बाहू वर जातात तसं पुढचं अवजार मागे कलत जातं. ते तुम्ही हाताने सावरलं नाही तर गाठ बाहूंवरून घरंगळत थेट सीटवर येते. यात माणसं गेली आहेत. म्हणून मी मागचा सुळा घेतला, तीन पॉइंटचा. गाठ मागे, जमिनीलगत. रचायची तर एकावर एक नाही, एका थरात.

डोक्यामागची संरक्षक चौकट उभी आणि सीटबेल्ट लावलेला, हे दोन्ही एकत्र. चौकट दुमडलेली असेल तेव्हा बेल्ट लावू नका.

०००

मी दुरुस्तीचं काम करतो. अवजार कुठलंही घ्या, माझ्याकडे येणाऱ्या लोडरांत तेच ते दिसतं. दर १० तासांनी पिनांना ग्रीस नाही, म्हणून बुशिंग खाल्लेलं. होजला बारीक छिद्र, आणि मालक ते बोटाने शोधतोय. त्या दाबाचं तेल कातडीतून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसते, हात गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधा, आणि लागलंच तर दुखत नसलं तरी लगेच इस्पितळात जा.

क्विक जोडणीचे खटके खाली पडले म्हणजे पिना बसल्या असं नाही. मधे खडा किंवा शेणाचा थर असला की एक पिन अर्ध्यातच राहते. उतरून दोन्ही पिना भोकातून खाली आलेल्या डोळ्यांनी बघा. मग अवजाराचं टोक जमिनीवर दाबून पुढची चाकं किंचित हलकी करा. सुटायचं असेल तर तिथेच सुटेल, कुणाच्या पायावर नाही.

०००

शेणखताला बकेटपेक्षा काट्यांचा फोर्क बरा. ढिगात सहज घुसतो आणि गोठ्याची फरशी खरवडत नाही. सुकं, भुसभुशीत खत मात्र काट्यांतून गळतं, त्याला बकेटच.

चार कामांची उघडणारी बकेट मी घेतली आणि दिली. काम छान करते, पण माझीचं वजन साध्या बकेटच्या जवळपास दुप्पट होतं. २५ एचपीला नको.

०००

सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तिका मागवून घेतली. ५०० मिलिमीटर पुढचा आकडा ३६० किलो आहे, म्हणजे पशुखाद्याचं भरलेलं पॅलेट आम्हाला अर्धं उतरवूनच उचलावं लागेल. हे आत्ता कळलं ते बरं झालं. जोडणी स्किड स्टिअरची. फोर्क सांगितले, हलके, चौकटीसह ८० किलोचे. तिसरी फेरी ट्रॅक्टरबरोबरच बसवायला सांगितली, ग्रॅपल पुढच्या वर्षी बघू. बॉक्स ब्लेड घेणार आहे, पण फोर्क चालवताना मला मागे ड्रमच हवा, आखूड असतो म्हणून वळायला सोपा जाईल. ड्रम मिळालाय. उतारावाले काका, जोडणीची सळई किती उंचीवर घातलीत?

०००

मागचे दोन्ही बाहू आडवे असताना त्यांच्या टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा. त्यातून सहा इंच वजा करा, आणि ड्रमच्या तळापासून तेवढ्यावर सळई आरपार घाला. म्हणजे चालताना ड्रम जमिनीपासून अर्धा फूट वर राहील. कॅटेगरी १ च्या बाहूंना २२ मिलिमीटरची पिन बसते, भरीव सळई घ्या, पोकळ पाईप नको. वरच्या तिसऱ्या जोडणीसाठी एक कडी काँक्रीटमध्ये खोल गाडा, नाहीतर ड्रम झुलत राहतो. काँक्रीट ओतण्याआधी सळई दोन्ही बाजूंनी सारखी बाहेर आलीय का ते टेपने मोजा. माझी एक बाजू दोन बोटं कमी आली होती, पुन्हा करायला लागलं.