औषध पेशीत 'पसरतं' की आणखी काही?

शाईचा डाग: कॅन्सरवरच्या प्रकाशोपचाराचं माहितीपत्रक मराठीत करतेय. औषध शिरेतून द्यायचं, मग गाठीवर लाल प्रकाश टाकायचा. औषध शेजारच्या ऑक्सिजनला चेतवतं, पेशी मरते. इथवर ठीक. पण काही औषधं आधी लयकारिकांत, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत (लायसोसोम) साठून असतात. प्रकाश पडला की ऑक्सिडीकरणाने लयकारिकेचं पटल फाटतं आणि औषध पेशीद्रवात, कधी केंद्रकातही जातं. मी लिहिलं, 'औषध पेशीत पसरते.' मावशीला वाचायला दिलं, ती तिथेच अडली. "अगं, काय पसरलं?" आमच्या घरात हा शब्द एकदा ऐकून झालाय. दुसरा सुचवा. आणि अशा औषधाला, फोटोसेन्सिटायझरला, 'प्रकाशसंवेदक' चालेल ना?

बोरू: स्थलांतर. सरळ, पाठ्यपुस्तकी.

पेठेतला: स्थलांतर ऊसतोड कामगार करतात, रोहित पक्षी करतात. १९६१ला पानशेतचं पाणी पेठांत घुसलं, त्याला स्थलांतर कुणी म्हणालं नाही. इथेही बांधच फुटतोय. 'शिरते' लिहा.

जुना रसायनवाला: 'प्रकाशसंवेदक' साफ चूक. संवेदक म्हणजे सेन्सर, संध्याकाळी रस्त्यावरचा दिवा लावतो तो. हे औषध पेशीला उजेडाबाबत हळवं करतं. 'प्रकाशसंवेदीकारक' म्हणा. आणि 'ऑक्सिडीकरण' कशाला? रसशास्त्रातला 'जारण' आहे की.

बोरू: 'पेशीवर जारणाचा ताण' छापा, मावशी देवऋषी शोधतील.

जुना रसायनवाला: जारणमारण वेगळं! जीर्ण, जिरणे यांच्या घरातला शब्द आहे तो.

माळरान: आजीच्या हातावर कोड होतं. बावची वाटून लावायची न् अंगणात कोवळ्या उन्हात बसायची. एकदा शेजारणीशी गप्पांत ऊन चढलं, हाताला टरटरून फोड. हेच ना ते औषध?

जुना रसायनवाला: नाही. बावचीतलं सोरालेन उजेडात थेट डीएनएला चिकटतं, त्याला ऑक्सिजन लागत नाही. म्युनिकच्या फॉन टापायनर या औषधशास्त्रज्ञाने 'फोटोडायनॅमिक' शब्द काढला तो ऑक्सिजनवाल्या क्रियेसाठी.

शाईचा डाग: 'शिरते' म्हटलं की बाहेरून आत वाटतं. हे आधीच आत आहे, फक्त कप्पा बदलतं. आणि तेच महत्त्वाचं. चेतलेला ऑक्सिजन लांब जात नाही, जन्मला तिथल्याच शेजाऱ्याला भाजतो.

पेठेतला: मग 'सांडते'. परवा गिरणीतून आणलेली पिशवी जिन्यात फाटली, पीठ थेट खालच्यांच्या दारात.

जुना रसायनवाला: सांडलं ते वाया गेलं. हे वाया कुठे जातंय? ऑस्लोत तर हे फाटणंच कामाला लावलं. पेशीतल्या पिशव्यांत अडकलेलं दुसरंच औषध उजेडाने मोकळं करतात.

बोरू: 'मोकळे होते'! मिळाला की शब्द.

जुना रसायनवाला: मोकळं होतं, पण जातं कुठे? त्यात केंद्रक कुठे आलं?

माळरान: बावचीचं बी काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. आमच्याकडे तिला बावचा म्हणतात, तुमच्याकडे?

शाईचा डाग: बावची राहू द्या हो. 'औषध पिशवीबाहेर येते' असं करून मावशीला पाठवलंय. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

पेठेतला: आमच्याकडे बावचीच.