भाताच्या खाचरातले जिवाणू आणि आर्सेनिक

रानवारा: जमीन तीच, पाणी तेच, तरी गव्हापेक्षा भातात आर्सेनिक जास्त उतरतं असं वाचलं. यात मातीतल्या जिवाणूंचा हात असतो म्हणतात. तो कसा?

मृद्गंध: सगळा फरक साचलेल्या पाण्याने पडतो. हवेशीर मातीत आर्सेनिक बहुतेक आर्सेनेट या ऑक्सिजनशी जोडलेल्या रूपात लोहाच्या ऑक्साइडला घट्ट चिकटलेलं असतं, गव्हाच्या मुळांना सहजी मिळत नाही. खाचरात पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन लवकरच संपतो. मग जिओबॅक्टरसारखे जिवाणू श्वसनासाठी लोह वापरू लागतात. लोह विरघळतं आणि आर्सेनिक सुटं होतं. काही जिवाणू तर थेट आर्सेनेटवरच श्वसन करतात, त्यातून आर्सेनाइट हे त्याचं दुसरं रूप तयार होतं. भात सिलिका भरपूर ओढणारं पीक. आर्सेनाइटचा रेणू सिलिसिक आम्लासारखा, त्यामुळे मुळांत तो त्याच वाटेने शिरतो.

मी प्रयोगशाळेत अशा मातीतलं पाणी काढून तपासते. लोह वाढलं की मागोमाग आर्सेनिक वाढताना दिसतं. म्हणून मातीतल्या एकूण आर्सेनिकचा आकडा पाहून निर्धास्त होणं मला धोक्याचं वाटतं.

पाणकळा: मग अधूनमधून पाणी तोडलं की झालं?

मृद्गंध: उपयोग नक्की होतो. हवा शिरली की लोहाचे ऑक्साइड पुन्हा बनतात आणि आर्सेनिक धरून ठेवतात. पण माती कोरडी ठेवली तर कॅडमियम सुटून दाण्यात जाऊ शकतं. जमिनीत तेही असेल तर दोन्ही तपासा. आणि फुलोऱ्यात पाण्याचा ताण अजिबात देऊ नका.

रानवारा: जिवाणू आर्सेनिक निरुपद्रवी करतात, असंही ऐकलंय.

मृद्गंध: निरुपद्रवी म्हणवत नाही. काही जिवाणू त्याला मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे, जोडतात. भाताला हे स्वतः जमत नाही, दाण्यातलं डीएमए, म्हणजे दोन मिथाइल गट जोडलेलं आर्सेनिक, जिवाणूंकडूनच येतं. माणसाला ते अजैविक आर्सेनिकपेक्षा (आर्सेनेट, आर्सेनाइट) कमी घातक, म्हणून कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये पॉलिश तांदळासाठी घातलेली किलोला ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा फक्त अजैविक आर्सेनिकला आहे. रोपाला मात्र डीएमए बाधतं: दाणे भरत नाहीत, लोंब्या पोचट राहून ताठ उभ्या दिसतात. तांदूळ तपासायला द्याल तेव्हा एकूण आणि अजैविक, दोन्ही आकडे वेगवेगळे मागा.