आईच्या हनुवटीवरचे केस, आखाजीच्या आत काय करता येईल? (मदत हवी आहे)

भुसावळची_लेक
आईच्या हनुवटीवर आणि वरच्या ओठावर केस येतात. हल्ली जास्तच. आखाजीला (अक्षय तृतीयेला) भाचीचं लग्न आहे, हातात वीस दिवस. जळगावला लेझर करायचं ठरवलंय. किती सिटिंग लागतात आणि कोणतं मशीन चांगलं, एवढंच सांगा. घरगुती उपाय नकोत, सगळे करून झाले. उद्या फोन करायचाय, पटकन सांगा.

केळफूल
आईचं वय? केस काळे की पांढरे? काही औषधं चालू आहेत?

भुसावळची_लेक
वयाचा काय संबंध? केस आहेत, काढायचे आहेत. मशीनचं सांगा ना कोणीतरी.

प्रकाशकिरण
आपल्या सावळ्या कातडीला दोनच: डायोड (८१० नॅनोमीटरच्या आसपास) किंवा लाँग पल्स एनडी-याग (१०६४). त्यातही गडद रंगाला एनडी-याग जास्त सुरक्षित. ॲलेक्झांड्राइट ७५५ गोऱ्या लोकांचं, आपल्याकडे डाग पडतात. आयपीएलला (नुसत्या तीव्र प्रकाशाच्या झोताला) कुणी लेझर म्हणून खपवत असेल तर उठून या, ते लेझरच नाही. चेहऱ्याला ६ ते ८ सिटिंग, दोन सिटिंगमध्ये ४ ते ६ आठवडे. मधल्या काळात थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा काही नाही, कारण मूळच उपटलं तर किरण धरणार कशाला? रेझर चालतो. पॅकेज घेतलं तर स्वस्त पडतं.

केळफूल
@प्रकाशकिरण तुम्ही पॅकेज विकायच्या आधी केसाचा रंग तरी विचारा. लेझर केसातल्या काळ्या रंगाला धरतं. पांढऱ्या केसात तो रंगच नाही, मग दहा सिटिंग करा नाहीतर वीस. शिवाय ४ आठवड्यांचं अंतर धरलं तर वीस दिवसांत एकच सिटिंग होतं. आणि एप्रिलात भुसावळच्या उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर लेझर मारायचं म्हणजे भाजण्याला आमंत्रण.

भुसावळची_लेक
बरं. वय ६७. केस बहुतेक पांढरेच, जाड, तारेसारखे. चार-पाच काळे आहेत.

प्रकाशकिरण
मग ते चार-पाच काळे जातील.

केळफूल
चार-पाच केसांसाठी आठ सिटिंग! व्वा.

सुई_आणि_संयम
पांढऱ्या केसाला कायमचा उपाय एकच, इलेक्ट्रोलिसिस. केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून करंट देतात आणि मूळ जाळतात. रंगाशी देणंघेणं नाही, म्हणून पांढरा, लाल, काळा, सगळा जातो. पण एकेक केस वेगळा घ्यावा लागतो. १५ ते ३० मिनिटांचं सिटिंग, आठवड्या-पंधरवड्याने, आणि हनुवटी साफ व्हायला कित्येक महिने. एकाच केसाला दोन-तीनदाही सुई घालावी लागते, कारण सगळे केस एकाच वेळी वाढीत नसतात.

चांगला हात कसा ओळखायचा ते सांगते. सुई घातल्यावर केस अलगद निघून आला पाहिजे. चिमट्याने ओढावा लागला तर मूळ जळलेलं नाही, तुम्ही सुईचे पैसे देऊन चिमट्याचं काम करून घेतलंत. सुई दर पेशंटला नवीन, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. एकाला लागून एक केस त्याच दिवशी घ्यायचे नाहीत, उष्णता साठून खड्डे पडतात. पेसमेकर असेल तर नाहीच.

जाहिरातीच्या पाटीवर सगळीकडे लेझर लिहिलेलं असतं. जळगाव-धुळ्याला फोन कराल तेव्हा “सुईने एकेक केस जाळता का” असंच विचारा. नुसतं “कायमचे केस काढता का” म्हटलं की लेझरचीच अपॉइंटमेंट मिळते.

जुनं_ते_सोनं
घरगुती नको म्हणालीस तरी सांगते पोरी. मसूर डाळीचं पीठ, आंबेहळद, साय. उलट्या दिशेने चोळायचं. सहा महिन्यांत केस विरळ होतात. हाई मशीनचं खूळ कशाला, आपल्या घरात सगळं शे.

केळफूल
माय, पीठ चोळून निघते ती लव. ६७ वर्षांच्या हनुवटीचा तारेसारखा केस पिठाला ऐकत नाही. उलट रोज घासून कातडी काळी पडते, आणि तो काळेपणा केसापेक्षा चिवट.

जुनं_ते_सोनं
आमच्या पिढीचे चेहरे बघ आणि तुमच्या पिढीचे बघ.

ताकातली_भाजी
अवांतर: केस गळत असतील तर बायोटिन (बी-जीवनसत्त्वाची गोळी) सुरू करा, फरक पडतो.

त्वचापुराण
गळायचं कोण म्हणालं? इथे उगवतायत. आणि बायोटिन चालू असेल तर रक्ततपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवायची, थायरॉईड आणि हार्मोनचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हे इथे कामाचं आहे, कारण @भुसावळची_लेक, “हल्ली जास्तच” म्हणजे कधीपासून? पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, पुरुषी हार्मोन त्या मानाने वरचढ होतात आणि हनुवटीवर जाड केस येतात. ते वर्षानुवर्षं सावकाश होतं. पण दोन-चार महिन्यांत एकदम वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, डोक्याचे केस कपाळाकडून मागे सरत असतील तर पार्लर नाही, आधी डॉक्टर. टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईएएस हे पुरुषी हार्मोन तपासतात, अंडाशय आणि अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या) बघतात. औषधांची यादीही द्या. केळफूलने पहिल्याच प्रतिसादात विचारली होती.

भुसावळची_लेक
आवाज वगैरे काही नाही. शुगर आहे, बीपी आहे. तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय त्याच्या गोळ्या. वाढ सहा-सात महिन्यांतली. औषधांनी केस येतात का? मागच्या महिन्यात पार्लरमध्ये वॅक्स केलं तर ओठाच्या वरची कातडीच निघाली, म्हणून तर लेझर विचारतेय.

त्वचापुराण
आता खरी गोष्ट निघाली. साध्या वॅक्सने कातडी निघत नाही. चेहऱ्याला काय लावतात?

भुसावळची_लेक
काही नाही. वांगासाठी एक ट्यूब, शेजारच्या काकूंनी सांगितलेली. मेडिकलमधून आणतो.

त्वचापुराण
ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून इथे लिहा.

भुसावळची_लेक
हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन, मोमेटासोन. वर्ष होत आलं लावतेय.

त्वचापुराण
मोमेटासोन हे स्टेरॉईड. महिनोन्महिने चेहऱ्याला लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि केस वाढतात. ट्रेटिनॉईनने वरचा थर सैल होतो. अशा कातडीवर मेण लावून ओढलं की मेणाबरोबर कातडी येणारच. त्यात पार्लरवालीची चूक एवढीच की तिने विचारलं नाही. ही ट्यूब फार तर काही आठवड्यांसाठी, तीही डॉक्टरच्या नजरेखाली वापरायची असते.

पण आजच्या आज फेकूही नका. वर्षभर लावलेलं स्टेरॉईड अचानक बंद केलं तर चेहरा लाल होऊन आग होते, पुरळ उठतं, तेही नेमकं लग्नात. चर्मरोग डॉक्टरांना ट्यूब दाखवा, ते उतरत्या क्रमाने बंद करतील. या महिन्यात लेझर, वॅक्स, ब्लीच, केस काढायची क्रीम, काही नाही. ती क्रीम थायोग्लायकोलेटची असते, केस विरघळवते, पातळ कातडीही भाजते.

प्रकाशकिरण
केस थोपवायला इफ्लॉर्निथिन क्रीम आहे, १३.९ टक्के.

त्वचापुराण
आहे, पण दिवसातून दोनदा लावून फरक दिसायला आठ आठवड्यांच्या आसपास. केस निघत नाहीत, फक्त हळू येतात, आणि बंद केलं की पहिल्यासारखे. सोललेल्या कातडीवर तर नाहीच. लग्नानंतर डॉक्टरांना विचारा. आणि कुणी स्पायरोनोलॅक्टोनची (पुरुषी हार्मोन अडवणारी) गोळी सुचवली तर बीपीची गोळी कोणती ते आधी सांगा. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांच्यासोबत पोटॅशियम वाढू शकतं.

भुसावळची_लेक
हे नको ते नको, मग लग्नात करायचं काय?? स्टेंटच्या गोळीने पण काही होतं का? दोन दिवस बंद ठेवली तर चालेल?

त्वचापुराण
नाही. केसांसाठी ती गोळी एक दिवसही बंद करायची नाही. ती रक्त पातळ ठेवते, त्यामुळे फार तर थ्रेडिंगनंतर काळंनिळं जास्त दिसेल, म्हणून थ्रेडिंगही आता टाळा. एरवी केलं तरी दोरा नवा हवा, आणि शुगर असेल तर दाताने धरलेला दोरा नको. उपटलेल्या मुळात पू झाला की लवकर भरत नाही.

सुई_आणि_संयम
वीस दिवसांसाठी चेहऱ्याचा बॅटरीवाला ट्रिमर. पातं जाळीच्या आत असतं, कातडीला धार लागत नाही. सोललेली जागा पूर्ण भरल्याशिवाय तोही नाही.

पद्धत: चेहरा धुवून पूर्ण कोरडा, तेल-क्रीम काही नको, नाहीतर केस चिकटून बसतात. सकाळी खिडकीशी बसवा, प्रकाश एका बाजूने हवा, समोरून नको. पांढरा केस दिसत नाही म्हणून काळ्या ओढणीचं टोक हनुवटीखाली धरा, लगेच उठून दिसतो. या वयात कातडी सैल असते, डाव्या हाताने कानाकडे ताणून धरायची. ओठाच्या वर करताना ओठ दातांवर आत दुमडायला सांगा. कवळी असेल तर लावलेलीच असू द्या, काढली की ओठ आत जातो आणि सुरकुतीत पातं अडकतं. आधी केसाच्या दिशेने, राहिलेल्याला उलट. दाब अजिबात नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा.

लग्नात अगदी चार-दोन जाड केस टोचत असले तर बारीक कात्रीने कातडीलगत कापा. चामखिळीतून किंवा तिळातून केस येत असेल तर तोही कापायचाच, उपटायचा नाही. तीळ वाढलेला किंवा रंग बदललेला वाटला तर डॉक्टरांना दाखवा.

जुनं_ते_सोनं
व माय, बाईच्या तोंडाला मशीन फिरवायचं? दाढी येईल ना उद्या!

केळफूल
येत नाही माय. केस टोकाला निमुळता असतो, मधोमध कापला की तोंड चपटं होतं, म्हणून हाताला खरखरीत लागतो. मूळ कातडीच्या आत आहे, त्याला वर काय झालं ते कळत पण नाही. तसं असतं तर टक्कल पडलेल्यांनी रोज डोकं भादरलं असतं.

ताकातली_भाजी
लग्न भुसावळलाच आहे का? एप्रिलात मांडवात कूलर किती लावलेत ते बघा, नाहीतर मेकअप सगळा घामाने उतरतो.

जुनं_ते_सोनं
हळदीला तुझ्या आईने तोंडाला हळद लावून घ्यायची की नाही मग?

त्वचापुराण
ती कातडी अजून कच्ची आहे, हळद हाताला-पायाला लावून घ्या. ट्रिमर हळदीच्या दिवशी सकाळी नको, आदल्या संध्याकाळी. आणि पहिल्यांदा वापरणार असाल तर कातडी भरली की लगेच करून बघा, लग्नाच्या आदल्या दिवशी प्रयोग नको.

भुसावळची_लेक
चर्मरोग डॉक्टरांची शुक्रवारची वेळ मिळाली. ट्यूब आणि गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जातेय. लेझरचा फोन नाही केला. सुईवालं लग्नानंतर विचारीन. आणि हो, कवळी आहे आईला, तेही सांगायचं राहिलंच होतं.

सुई_आणि_संयम
वरची की खालची?

भुसावळची_लेक
दोन्ही.

सुई_आणि_संयम
मग दोन्ही लावूनच. हनुवटीचा आकार खालच्या कवळीने भरतो.