रेकी घेताना नेमकं वाटते काय? मायसाठी विचारून राहिलो

वावरातला_पोट्टा (दारव्हा साइड)

राम राम मंडळी. मायचं कमरेचं दुखणं तीन वर्षापासून हाय, कापूस वेचून वेचून अजून वाढलं. एक्सरे काढला तं मणक्याची झीज हाय म्हनते डॉक्टर, गोळ्या देल्ल्या, व्यायाम सांगतला. व्यायाम ती करत नाही हा भाग वेगळा. आता मावशीच्या पोरीनं, ताईनं, अमरावतीले रेकीचा कोर्स केला आन दिवाळीले आली तं मायच्या आंगावर हात ठेवून बसली तासभर, आन माय चक्क घोराले लागली! उठली तं म्हने कमरेवर कोनी गरम विटकर ठेवल्यावानी वाटलं, आंग हलकं झालं. बाबा म्हनते हे झाडफुकीचंच नवं नाव हाय. ताई म्हनते मायनं पन रेकीची पहिली डिग्री करून घ्यावी, पन फी आयकून मले घाम आला, जवळपास क्विंटलभर सोयाबीन जाते त्याच्यात. कोनी केली असन तं खरं काय ते सांगा न.

संत्रावाली_काकू (वरूड)

बेटा मी दोन्ही डिग्र्या केल्या आहेत म्हणून सांगते. हे जपानचं आहे. मिकाओ उसुई म्हणून होते, जन्म १८६५ चा, त्यांनी १९२२ मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास-ध्यान केलं आणि तिथे त्यांना हे गवसलं असं सांगतात. त्यांचे शिष्य हायाशी नौदलात डॉक्टर होते, आणि हायाशींकडून हवाईच्या ताकाता बाईंनी शिकून तिकडे पसरवलं. क्लासच्या पुस्तिकेत उसुई ख्रिस्ती कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते असं लिहिलेलं असते, त्याला काही पुरावा नाही, सोडून दे. आपण प्राण म्हणतो न, त्याला ते ‘की’ म्हणतात.

पहिल्या डिग्रीत मास्तर शक्तिपात करतात, म्हणजे तू डोळे मिटून बसायचं आणि ते डोक्यावर, हातावर काही खुणा करतात, झालं. मग २१ दिवस रोज स्वतःवर हात ठेवायचे, आम्हाला २४ पॉइंट शिकवले होते, एकेकावर ३ मिनिटं. दुसरीत चिन्हं देतात आणि लांबच्या माणसाला पाठवायची रेकी शिकवतात.

वाटते कसं म्हणशील तर कोणाला हात गरम लागतात, कोणाला मुंग्या, कोणाला उलट गार. पोट गुरगुरते, झोप तर हमखास, आमच्या बॅचमध्ये एक बाई मधेच रडायला लागल्या, कारण त्यांनाच माहीत नव्हतं. आणि खरं सांगू का, मला पहिले आठ दिवस काहीच वाटलं नाही, फक्त हात अवघडले. नवव्या दिवशी सकाळी कपाळावर हात ठेवले आणि एकदम शांत वाटलं, तेव्हापासून सोडलं नाही. पण माझा गुडघा रेकीनं बरा झाला असं मी कोणाला म्हणत नाही हं, गुडघ्याला तेल आणि गोळीच.

ड्युटीवरची_सिस्टर

काकूंचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी वाचा. तळहात अंगाला लावला की ऊब येतेच, त्याला शक्तिपात लागत नाही. १९९८ मध्ये ‘जामा’ या डॉक्टर लोकांच्या मासिकात एक प्रयोग छापून आला होता, रेकीवरचा नाही पण हात फिरवून ऊर्जा ओळखायच्या तशाच एका पद्धतीवरचा. एमिली रोझा नावाच्या अमेरिकेतल्या शाळकरी पोरीनं तो केला. ती पद्धत करणाऱ्या २१ जणांना पडद्यातून दोन्ही हात पलीकडे काढायला लावले, पोरगी आपला हात त्यातल्या एकावर धरायची आणि विचारायची, कोणत्या हातावर आहे? शंभरात ४४ वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी ५० आले असते.

म्हणून आईला बरं वाटलं ते खोटं आहे का? नाही न. दिवसभर वाकलेली बाई पहिल्यांदा तासभर निपचित पडली, कोणी मायेनं हात ठेवला, श्वास संथ झाला, स्नायू सैल पडले. त्यानं झीज भरून निघत नाही एवढंच. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा, आमच्याकडे एका काकांनी असंच काहीतरी सुरू केल्यावर बीपीची गोळी सोडली आणि मग धावपळ झाली. रेकी घ्या, गोळी सोडू नका. आणि आईचा पाय सुन्न पडला, जोर गेला किंवा लघवी कळेनाशी झाली तर तासभर पण थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात.

बैलबंडी_बुलडाणा

२४ गुणिले ३ म्हंजे ७२ मिनिटं. एवढा वेळ माही बायको माया पाठीवर हात ठेवन तं मी बी घोरन बाप्पा, जपानले कायले जा लागते 😂

संत्रावाली_काकू (वरूड)

आधी तू तिच्या पाठीवर हात ठेवून बघ बरं ७२ मिनिटं, मग बोल.

वावरातला_पोट्टा (दारव्हा साइड)

काकू, सिस्टर, लय आभार. मायले सारं वाचून दाखोलं. म्हने पोरीचा हात बरा वाटला, पन कोर्स-फिर्स काई नोको, तेवढ्या पैशात कापसाची गादी भरून आन, घरचाच कापूस हाय. पाय सुन्न होते का विचारलं तं नाही म्हने. ताईले फोन केला, जरा फुगली, पन संक्रांतीले येतो म्हने. तिले सांगतलं, आधी मायकून डॉक्टरचा व्यायाम करून घे, मंगच हात ठेव. सिस्टर, ते पालथं झोपून छाती उचलाचा व्यायाम सांगतला होता, तो सकाळी उपाशीपोटी कराचा का कधीबी चालते?