पेशीतला कोडॉनचा तक्ता नेमका असतो कुठे?

सुतावरून_स्वर्ग

नमस्कार मंडळी. पेशाने प्रोग्रॅमर आहे. जीवशास्त्राशी संबंध दहावीनंतर तुटला तो तुटलाच. सध्या हौसेने वाचतोय आणि एका जागी गाडं अडलंय.

इथवर समजलं: डीएनएवरून एमआरएनएची प्रत निघते, ती रायबोसोमकडे जाते, रायबोसोम तीन-तीन अक्षरं वाचतो आणि प्रत्येक त्रिकुटामागे एक अमिनो आम्ल प्रथिनाच्या साखळीत जोडतो. चार अक्षरं, तीन जागा, म्हणून 64 कोडॉन. त्यातले 61 वीस अमिनो आम्लांच्या वाट्याला, उरलेले 3 थांबण्यासाठी. यूयूयू म्हणजे फेनिलअ‍ॅलनिन, यूजीजी म्हणजे ट्रिप्टोफॅन, हा तक्ता तर प्रत्येक पुस्तकात छापलेला असतो.

पण पेशीत तो आहे कुठे? प्रोग्रॅममध्ये लुकअप टेबल वापरायचं तर ते मेमरीत कुठेतरी ठेवावंच लागतं. डीएनएतच आहे म्हणावं तर ते वाचणार कोण? रायबोसोममध्ये कोरलेलं असतं का? 'रायबोसोम कोड वाचतो' एवढं सांगून सगळे लेखक पुढच्या परिच्छेदावर उडी मारतात. कुणी जरा हाताला धरून न्याल का? केमिस्ट्री बेताची आहे.

उंटावरचा_शहाणा

टीआरएनए आहे ना. एका टोकाला अँटिकोडॉन, म्हणजे कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. तोच तुमचा तक्ता. सोपंय.

पिपेटवाली

शहाणेबुवा, अर्ध्या वाटेत उतरलात. त्या टीआरएनएच्या दुसऱ्या टोकाला बरोबर तेच अमिनो आम्ल चिकटवलं कुणी? खरी गोम तिथे आहे.

सुतावरून, तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण माझं पोटच यावर चालतं. पेशी फोडून काढलेल्या अर्कात, म्हणजे जिवंत पेशीविना, नळीत प्रथिनं बनवायची हे माझं रोजचं काम. उणे 80 अंशांवरून लायसेट (तोच अर्क) काढायचं, बर्फावर हळूहळू वितळू द्यायचं, त्यात वीस अमिनो आम्लं, ऊर्जेसाठी एटीपी आणि जीटीपी, मॅग्नेशियम आणि हवा तो एमआरएनए घालायचा. दिसायला गढूळ पिवळट पाणी. मॅग्नेशियम जरा इकडचं तिकडे झालं की काम बिघडतं, पण तो रडगाण्याचा वेगळा धागा होईल.

आता मुद्दा. टीआरएनए हा साधारण 75 ते 90 अक्षरांचा, स्वतःभोवतीच दुमडलेला आरएनएचा तुकडा. सगळ्यांचं शेपूट सारखंच: सी-सी-ए. त्या शेवटच्या ए वर अमिनो आम्ल बसतं. यूयूयू वाचणाऱ्या टीआरएनएवर फेनिलअ‍ॅलनिनच बसावं असं त्याच्या रसायनात काहीही नाही. त्या शेपटीला कुठलंही अमिनो आम्ल चालतं. बसवतात ती अमिनोअ‍ॅसिल-टीआरएनए सिंथेटेज नावाची एन्झाइम्स. बहुतेक जीवांत प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक, म्हणजे वीस. प्रत्येकाला दोनच गोष्टी ओळखता येतात: आपलं अमिनो आम्ल आणि आपले टीआरएनए. एक एटीपी खर्चून ते दोघांची गाठ मारून देतं. तुमचं लुकअप टेबल म्हणजे ही वीस एन्झाइम्स आणि त्यांचे टीआरएनए. अख्खा तक्ता असा एका जागी कुठेच नाही, पेशीभर पोहणाऱ्या रेणूंमध्ये तो ओळीओळीने विखुरलेला आहे.

याचा पुरावा 1962 चा आहे आणि इतका देखणा प्रयोग मी फार कमी पाहिलाय. शापव्हिल, लिपमन, बेन्झर आणि मंडळींनी सिस्टिनचा टीआरएनए घेतला, त्यावर सिंथेटेजकडून रीतसर सिस्टिन चढवून घेतलं, आणि मग रॅनी निकेल वापरून त्या सिस्टिनमधला गंधक काढून टाकला. गंधक गेला की सिस्टिनचं अ‍ॅलनिन होतं. म्हणजे टीआरएनए सिस्टिनचा, वर ओझं अ‍ॅलनिनचं. हे त्यांनी नळीत घातलं, सोबत फक्त यू आणि जी या दोनच अक्षरांचा कृत्रिम संदेश. अ‍ॅलनिनचे चारही कोडॉन जीसी ने सुरू होतात. संदेशात सी नावालाही नाही, तेव्हा अ‍ॅलनिन साखळीत यायचं काही कारणच नव्हतं. तरी आलं, आणि ते सिस्टिनच्या जागी. रायबोसोमने वर काय बसलंय हे पाहिलंसुद्धा नाही.

आणखी एक गंमत. सिंथेटेज आपला टीआरएनए अँटिकोडॉन बघूनच ओळखत असेल असं वाटतं ना? बरीचशी तसंच करतात. अ‍ॅलनिनचं सिंथेटेज मात्र अँटिकोडॉनकडे ढुंकूनही बघत नाही. ते बघतं शेपटीजवळच्या दांडीतली तिसऱ्या आणि सत्तराव्या अक्षराची जोडी, जी आणि यू. हाऊ आणि शिमेल यांनी 1988 मध्ये ही एकच जोडी सिस्टिनच्या टीआरएनएत घुसवली, तर त्यावर अ‍ॅलनिन चढायला लागलं. 'जीसीयू म्हणजे अ‍ॅलनिन' हे नातं असं टीआरएनएच्या दोन निरनिराळ्या टोकांना सिंथेटेज आणि रायबोसोम या दोघांनी सांभाळलंय, आणि त्या दोघांची कधी भेटही होत नाही.

सुतावरून_स्वर्ग

वा! डोक्यात प्रकाश पडला, पण दोन नवे खिळे ठोकलेत.

एक, ही सिंथेटेज म्हणजे प्रथिनंच ना? मग ती बनवायला तक्ता आधीच लागणार. हे तर स्वतःच्याच भाषेत लिहिलेल्या कंपायलरसारखं झालं. पहिला कंपायलर आला कुठून?

दोन, रायबोसोम काहीच तपासत नसेल तर सिंथेटेजने चूक केली की संपलं?

पिपेटवाली

एक: आईकडून. अक्षरशः. पेशी दुभंगते तेव्हा दोन्ही लेकींना नुसता डीएनए मिळत नाही, तयार रायबोसोम, टीआरएनए आणि सिंथेटेजही वाटणीत येतात. अंड्यात तर त्यांचा भरपूर साठा असतो. नुसता डीएनए नळीत टाकून ठेवला तर वर्षभरानेही त्यातून प्रथिनाचा कण निघणार नाही. अगदी पहिल्यांदा हे चक्र कसं फिरलं, हा जीवाच्या उगमाचा प्रश्न आहे. त्यात एक धागा हाती आहे: रायबोसोममध्ये अमिनो आम्लांची गाठ मारणारी जागा प्रथिनाची नाही, आरएनएची आहे. रायबोसोमची रचना अणूअणूने उलगडल्याबद्दल रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ यांना 2009 चं नोबेल मिळालं, आणि त्या चित्रात गाठीच्या जागी आरएनएच दिसतो.

दोन: चूक झाली तर बऱ्याच अंशी संपलंच. म्हणून सिंथेटेज स्वतःच भारी चोखंदळ असतात. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांत फरक एका कार्बनचा आणि त्यावरच्या दोन हायड्रोजनचा. मोठ्या रेणूला खाच लहान ठेवून बाहेर ठेवता येतं, लहान रेणूला कसं रोखणार? आयसोल्युसिनच्या खाचेत व्हॅलिन शिरतंच. मग त्या एन्झाइमला दुसरी खाच असते, आणखी अरुंद. तिच्यात व्हॅलिन मावतं, आयसोल्युसिन मावत नाही. जे मावलं ते तिथे तोडून टाकलं जातं. एवढं करूनही साधारण 3000 मागे एखादं व्हॅलिन निसटतंच.

रायबोसोम अगदीच आंधळा नाही हं. कोडॉन आणि अँटिकोडॉन नीट जुळलेत का, हे तो कसून बघतो. त्याच्या लहान भागातल्या आरएनएचे दोन ए (जीवाणूत क्रमांक 1492 आणि 1493) बाहेर वळून त्या जोडीच्या खाचेत हात घालतात आणि पहिल्या दोन अक्षरांचा आकार चाचपतात. तिसऱ्या अक्षराला थोडी सूट. ही सगळी तपासणी जीवाणूत सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लांच्या वेगाने चालते. पण शेपटीवर कोण बसलंय याची पडताळणी अशी तिथे नाही.

फळ्यावरचा_खडू

उत्तम धागा. वर्गात मी हे बीटा-ग्लोबिनवर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका साखळीवर, करून घेतो. मुलांनी एकदा हाताने अक्षरं मोजली की ते विसरत नाहीत. माणसाच्या या संदेशाची सुरुवात अशी:

एयूजी जीयूजी सीएयू सीयूजी एसीयू सीसीयू जीएजी जीएजी एएजी

म्हणजे मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसिन. पहिलं मेथिओनिन नंतर छाटलं जातं, म्हणून मोजणी व्हॅलिनपासून करायची. सहाव्या जागच्या जीएजी चं जीयूजी झालं की सिकलसेलचं हिमोग्लोबिन. एक अक्षर, एक अमिनो आम्ल, बाकी साखळी जशीच्या तशी.

आता त्याच सहाव्या कोडॉनमधला ए बदलायच्या ऐवजी गाळून टाका. पुढची सगळी अक्षरं एकेक घर डावीकडे सरकतात:

जीजीजी एजीए एजीयू सीयूजी सीसीजी यूयूए सीयूजी सीसीसी यूजीयू जीजीजी जीसीए एजीजी यूजीए

शेवटचा यूजीए दिसला? थांबा! 146 अमिनो आम्लांची साखळी सतरावरच आटोपली. त्या यूजीए ची तिन्ही अक्षरं मूळ संदेशातही होतीच, यू आणि जी एका कोडॉनचे आणि ए पुढच्याचा, पण ओळीने कुणी वाचतच नव्हतं. असा अर्धवट संदेश पेशी बहुतेक वेळा स्वतःच मोडीत काढते. हा बदल बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांत खरोखर सापडतो, मी खडूने रचलेला नाही.

उंटावरचा_शहाणा

पिपेटवालीताई, उंटावरून उतरलो. एकच विचारतो. तक्ता जर सुट्या रेणूंचा असेल तर रेणू बदलले की तक्ता बदलायला हवा. बदलतो का?

पिपेटवाली

बदलतो की. आपल्याच मायटोकॉन्ड्रियात यूजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन. कँडिडा जातीच्या काही बुरशींत सीयूजी ला ल्युसिनऐवजी बहुतेक वेळा सेरिन येतं. आणि 2019 मध्ये केंब्रिजच्या गटाने ई. कोलायचा अख्खा जीनोम नव्याने रचून 18,214 कोडॉन बदलले. तो जीवाणू (थांब्यांसकट) 64 ऐवजी 61 कोडॉनवर जगतो, जरा हळू वाढतो इतकंच.

आमच्याकडे ऑर्डर घेताना यामुळे डोकेदुखी होते. मायटोकॉन्ड्रियाचं जनुक जसंच्या तसं लायसेटमध्ये घातलं तर पहिल्या यूजीए ला काम बंद. आधी अक्षरं बदलून घ्यावी लागतात.

अवांतर: यूजीए ची तिसरी तऱ्हाही आहे. माणसात 25 जनुकं अशी आहेत, ज्यांच्या संदेशात यूजीए आला की सेलेनोसिस्टिन बसतं, मात्र संदेशाच्या शेपटाकडे आरएनएची एक ठराविक घडी असेल तरच. या अमिनो आम्लाला स्वतःचं सिंथेटेज नाही. सेरिनचं सिंथेटेज त्या टीआरएनएवर आधी सेरिन चढवतं, आणि मग दुसरी एन्झाइम्स तिथल्या तिथे, टीआरएनएवरच, त्याचं सेलेनोसिस्टिन करतात. शापव्हिल मंडळींनी निकेल वापरून जे केलं, जवळपास तेच.