मदत हवी आहे: १३ फुटी गल्लीतलं घर सरळ टिपायचंय, फुलफ्रेमसाठी अल्ट्रा-वाईड लेन्स कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी,

बेळगावहून लिहितोय. प्रश्न लेन्सचा आहे, पण तो पडला कसा ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही सोपं जाईल.

शहापुरात माझ्या थोरल्या आत्याचं घर आहे. (बाहेरच्यांसाठी: शहापूर आता बेळगावातच मोडतं, पूर्वी ते सांगली संस्थानात होतं. शहापुरी साड्या विणणारे माग इथलेच.) घरही मागवाल्यांचंच. पुढं सोपा (ओसरी), मग माजघर, डाव्या हाताला मागाची खोली, मागं परसू आणि आड. माग कधीच गेला, पण त्याचा खड्डा अजून तसाच आहे, वर फळ्या टाकून झाकलेला. दिवाळीनंतर हे घर पाडायचं ठरलंय. वाटण्या झाल्या, नवी इमारत उठेल. त्याबद्दल कुणालाच बोल लावत नाही. दर पावसाळ्यात गळकी कौलं चाळून घेता घेता आत्या थकली आहे. तिचं एवढंच म्हणणं, "पाडायच्या आधी घराचा एक धड फोटो काढ रे. मी लग्न होऊन आले तेव्हा गल्लीतून जसं दिसलं होतं तसं."

आणि तो एक धड फोटो मला काढता येत नाहीये.

कॅमेरा निकॉन झेड ५. लेन्स दोनच, कॅमेऱ्यासोबत आलेली २४-५० आणि एक ५० एफ/१.८ (एफचा आकडा लहान तितका आत येणारा उजेड जास्त). परवा टेप घेऊन गल्ली मोजली. समोरच्या भिंतीपासून घराच्या दर्शनी भिंतीपर्यंत १३ फूट. पाठ भिंतीला टेकवून कॅमेरा डोळ्याला लावला की भिंगापुढं १२ फूट उरतात. घराची रुंदी २४ फूट, वळचणीपर्यंत उंची १९. आता फुलफ्रेमचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, ३६ बाय २४ मिमी. म्हणजे अंतराला ३६ ने गुणून फोकल लेंग्थनं (लेन्सच्या नावातला एमएमचा आकडा) भागलं की चौकटीत मावणारी रुंदी मिळते, २४ ने गुणून भागलं की उंची. माझ्या २४ एमएमला १८ बाय १२ फूट मावतं. म्हणजे पाऊण घर रुंदीला, आणि उंचीला सोप्याच्या वरचा सगळा भाग बाहेर.

कॅमेरा वर उचलला तर वळचण येते, पण मग उभ्या रेषा आत झुकतात. सोप्याचे खांब वर निमुळते होतात आणि सगळं घर मागं कलंडल्यासारखं दिसतं. तो फोटो स्क्रीनवर दाखवला तर आत्या थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पडाय लागलंय का रे आत्तापासूनच?" त्या रात्री मी झोपलो नाही, कागदावर हिशेब करत बसलो.

हिशेब असा. कॅमेरा अजिबात वर-खाली न कलवता, अगदी समतल धरला तरच खांब सरळ राहणार. त्यासाठी भिंग घराच्या मध्यउंचीवर, म्हणजे साडेनऊ फुटांवर न्यायला हवं. समोरच्या काकूंनी भिंतीला शिडी लावायला आनंदानं परवानगी दिलीये. तिथून २० एमएमला रुंदी साडेएकवीस फूट मिळते, म्हणजे कमीच. १७ ला रुंदी मिळते, पण उंची १७ फूट, म्हणजे उंबऱ्याची पायरी तरी तुटते नाहीतर वळचण. १६ लाही १८ फूटच. १५ ला उंची काठोकाठ बसते. १४ ला ३१ बाय साडेवीस फूट मिळतात आणि भोवती थोडी मोकळी जागाही राहते. म्हणून माझ्यासाठी १४ ही हौस नाही, गल्लीनंच घातलेली अट आहे. याच कारणासाठी निकॉनची २० एफ/१.८ आणि १७-२८ एफ/२.८ या दोन्ही मनातून बाजूला ठेवल्या.

उरल्या तीन-चार.

पहिली निकॉर झेड १४-३० एफ/४. वजन ४८५ ग्रॅम, पुढं ८२ एमएमचा साधा फिल्टर लागतो. शिडीवर एक हात शिडीला आणि एका हातात कॅमेरा असणार आहे, त्यामुळं वजन हा मुद्दा माझ्यासाठी मोठा आहे. शंका एवढीच, की १४ ला या लेन्सच्या कच्च्या फाइलमध्ये बॅरल डिस्टॉर्शन (सरळ रेषा पिंपासारख्या बाहेर फुगणं) बरंच असतं आणि प्रोफाइल, म्हणजे त्या लेन्ससाठीची सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती, ते ताणून सरळ करतं. त्या ताणण्यात कोपरे किती मऊ (अस्पष्ट) पडतात? माझ्या फोटोत कोपऱ्यात आकाश नाही, कौलांची ओळ आहे. एकेक कौल दिसायला हवं.

दुसरी जुनी एएफ-एस १४-२४ एफ/२.८, एफटीझेड अडॅप्टर (जुनी लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवायचं कडं) लावून. हिचं नाव मोठं आहे आणि २००७ पासून बाजारात असल्यानं जुन्यात बऱ्यापैकी मिळते. पण लेन्सच किलोभर, त्यात अडॅप्टर १३५ ग्रॅम आणि कॅमेरा ६७५ ग्रॅम. शिडीवर पावणेदोन किलोच्या वर एका हातात धरून समतल ठेवणं मला जमेल असं वाटत नाही. शिवाय पुढचं भिंग फुगीर, साधा फिल्टर लागत नाही. गोकाकला पावसाळ्यात गेलात तर कळेल मी काय म्हणतोय. झुलत्या पुलाच्या बाजूनं धबधब्याकडं तोंड केलं की दोन मिनिटांत काचेवर तुषारांची साय धरते. सपाट फिल्टर असला की फडक्याचा एक हात फिरवून काम होतं. उघडं, फुगीर भिंग तिथं पुसत बसायला जीव धजत नाही.

तिसरी साम्यांगची १४ एफ/२.८ मॅन्युअल. स्वस्त आहे. फोकस हातानं करायला माझी हरकत नाही, कारण १४ एमएमला एफ/८ वर पाऊण-एक मीटरवर फोकस ठेवला की अर्ध्या मीटरपासून लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं. पण तिचं डिस्टॉर्शन मिशीसारखं नागमोडी असतं. वळचणीची सरळ रेघ नागमोडी आली तर ती नुसती एक पट्टी ओढून सरळ होत नाही, नेमकं प्रोफाइलच लागतं. कुणी ती इमारतींसाठी वापरली असेल तर अनुभव सांगा.

चौथी लाओवा १२ एफ/२.८, जिच्या नावातच झीरो-डी आहे. रेषा सरळ ठेवते म्हणून ख्याती. १२ फुटांवरून १२ एमएमला चक्क ३६ बाय २४ फूट मावतात. मग शिडीही नको. स्टुलावर उभं राहून सात फुटांवरून समतल धरलं की वळचण बरोब्बर वरच्या कडेला येते, आणि खालची रस्त्याची पट्टी कापून टाकायची. मोह होतो. पण घर झाल्यावर ही लेन्स मी किती वापरेन, हे मनाला विचारतोय.

कारण घराशिवायही मनात दोन-तीन गोष्टी आहेतच. एक, मागाची खोली. कोपऱ्यात उभं राहून दोन्ही बाजूच्या भिंती घ्यायच्या तर आडवा कोन ९० अंशांच्या वर हवा. १८ एमएमला तो बरोबर ९० होतो, १४ ला १०४. त्या खोलीत उजेड म्हणजे छपरातलं एकच काचेचं कौल. दुपारी साडेबाराच्या सुमारास त्यातून उन्हाचा चौकोन थेट खड्ड्यावरच्या फळ्यांवर पडतो आणि फळ्यांच्या फटींतून आत उतरतो. तो मला हवाय. तिथं ट्रायपॉड लावता येईल, त्यामुळं एफ/४ नं काही बिघडत नाही.

दुसरी, किल्ल्यातली कमल बस्ती. १२०४ सालचं रट्टांच्या काळातलं जैन मंदिर, आत नेमिनाथ. मंडपाच्या छतावरचं कमळ बघितलं नसेल तर बेळगावला आल्यावर आधी ते बघा. मी फरशीवर उताणा झोपून २४ नं काढायचा प्रयत्न केला, पाकळ्या चारी बाजूंनी कापल्या गेल्या. पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू असल्यानं ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, म्हणून तिथं हातातच. पण छत हलत नाही आणि झेड ५ मध्ये बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे, तेव्हा सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत निभावेल असं वाटतं.

एफ/२.८ खरोखर लागेल ती एकाच ठिकाणी, वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांना. रात्रीची वेळ, माणसं हलती, तिथं स्टॅबिलायझेशनचा उपयोग नाही. एका स्टॉपनं, म्हणजे दुप्पट उजेडानं, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० ऐवजी ३२०० वर भागलं तर फरक पडतोच. पण वर्षातून एक रात्र. शिवाय १४ ला कडेची माणसं आडवी ताणली जातात, ढोल वाजवणाऱ्या पोराचं तोंड कडेला आलं की ओळखू येत नाही. मिरवणुकीला मी २४ च बरी म्हणेन.

बजेट ८० हजार, म्हणजे वापरलेलीच बघतोय. कोल्हापुरात एकांकडं १४-३० आहे, रविवारी बघायला बोलावलंय. पण जुन्याची भीती बसली आहे. चार वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका दुकानातून मागवलेली लेन्स अर्धी डावीकडं मऊ निघाली, आणि आत बुरशीची जाळी होती ती मला पावसाळा संपल्यावर दिसली. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो, इकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे.

तर विचारणं असं: १४-३० ज्यांनी १४ वर इमारतींसाठी वापरली आहे त्यांनी कोपऱ्यांबद्दल स्पष्ट सांगावं, शक्य असेल तर एफ/८ चा नमुना दाखवावा. आणि रविवारी तिथं उभ्या उभ्या काय काय तपासू? मनात आहे ते एवढं: मागून टॉर्च मारून बुरशी बघणं, चिऱ्याच्या भिंतीसमोर समतल धरून एफ/४ ला चारी कोपरे ताडून बघणं, आणि ती लेन्स वापरायला उघडताना जी फिरकी द्यावी लागते तिच्यात ढिलाई आहे का ते बघणं.

भर, दुसऱ्या दिवशी:

एवढ्या जणांनी एवढ्या आपुलकीनं लिहिलंत, मनापासून आभार. दोन गोष्टींचा खुलासा करतो.

शिफ्ट लेन्सचं (कॅमेरा समतल ठेवून नुसतं भिंग वर-खाली सरकवता येतं ती) सुचवणाऱ्या दादांना: निकॉनची १९ एमएम पीसी माझ्या आवाक्याबाहेर आहे, पण ती आणली तरी १२ फुटांवरून आडव्या चौकटीत रुंदी पावणेतेवीस फूटच येते. रुंदी सव्वा फुटानं अडते, आणि शिफ्टनं चौकट वर सरकली तरी एका फोटोत उंची पंधरा फुटांच्या आसपासच मावते.

फोटो जोडून घ्या म्हणणाऱ्या ताईंना: केलं करून, सहा फोटो काढून जोडले. सपाट भिंत छान जुळली, पण सोप्याचे खांब भिंतीच्या अडीच फूट पुढं आहेत. मी हातात धरून सरकत गेलो, त्यामुळं मागचा दरवाजा आणि पुढचा खांब एकमेकांवरून घसरले, एक खांब मधेच दुभंगला. त्याच खांबाला आत्यानं माझ्या आतेभावाची उंची दर वाढदिवसाला कोळशानं आखून ठेवली आहे, सगळ्या रेघा अजून दिसतात. तो खांब अख्खाच यायला हवा.

तुमच्यापैकी तिघांनी १४-३० चे नमुने दाखवले. कोपऱ्यातल्या विटा मोजता येतायत, माझी कौलं येतील असं दिसतंय. रविवारी सकाळच्या गाडीनं निघतोय. चिऱ्याची भिंत त्यांच्याच परसात आहे असं ते फोनवर म्हणाले. टॉर्च, पुसायचं फडकं आणि भरलेल्या दोन बॅटऱ्या पिशवीत टाकल्यात. आणखी काही सोबत न्यायला हवं असेल तर शनिवारी रात्रीपर्यंत सांगा.