रविवारच्या शाळेत गोष्ट संपली की तात्पर्य सांगायलाच हवं का?

मलप्रभेकाठची

सलाम सगळ्यांना. खानापूर तालुक्यातली आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. रविवारच्या शाळेत आधी सगळी पोरं एकाच हॉलमध्ये बसायची. समोर तक्ता टांगलेला, टीचर गोष्ट सांगणार, मग तात्पर्य, सुवर्ण वचन, प्रार्थना, हातावर बिस्किट, घरी. आता गाणी तेवढी एकत्र होतात, मग सहा-सात मुलांचे गट पडतात. एक व्हरांड्यात, एक चिंचेखाली, एक आत. माझ्याकडे नऊ ते अकरा वयाची मुलं आहेत.

मागच्या महिन्यात बायबलमधला योना घेतला. देव त्याला निनवे शहराकडं जायला सांगतो, तो जहाजानं उलटा पळतो, आणि शेवटी शहर पश्चात्ताप करून वाचतं तेव्हा त्याला राग येतो. कमिटीतले एक ज्येष्ठ दारात उभे राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सगळं बरं झालं, पण तात्पर्य कुठाय?" मी ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. का, ते लिहिते. पटलं नाही तर खुशाल भांडा.

योनाचं पुस्तक चार अध्यायांचं, अवघ्या ४८ ओव्यांचं. मासा त्यात तीनच ओव्यांत येतो. आपल्या तक्त्यांवर मात्र मासाच मासा, आणि खाली ठरलेलं वाक्य: आज्ञा मोडली की देव शिक्षा करतो. आता पुस्तक उघडून वाचा. योनाला समुद्रात टाकलंय, तो बुडतोय, आणि मासा त्याला गिळून वाचवतो. दुसऱ्या अध्यायात माशाच्या पोटातून तो जी प्रार्थना करतो ती उपकार मानणारी आहे. म्हणजे देवानं वाचवायला पाठवलेला मासा आपण पिढ्यानपिढ्या पोरांना भीती घालायला वापरला.

पुढं निनवेच्या राजाचा हुकूम वाचला. माणसांनीच नव्हे, गुराढोरांनीही उपास करायचा आणि गोणपाट पांघरायचं. ज्याच्या घरी दूध डेअरीला जातं तो पोरगा ताडकन उठला, "म्हशीनं काय केलंय वो टीचर?" दुसरी म्हणाली, मालकानं पाप केलं की म्हशीलाच भोगावं लागतं, आमच्या शेजारी बघा की. तिसरा म्हणाला, म्हशीला गोणपाट पावसात घालतात, त्यात काय विशेष. मी गप्प बसले. शेवटच्या ओवीत देव योनाला विचारतो: ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं या शहरात आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं आहेत, मग मला त्याची कीव येऊ नये का? पुस्तक तिथंच संपतं. योनानं काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. जिथं पवित्र शास्त्र प्रश्नावर थांबतं, तिथं मी खाली तात्पर्य डकवणारी कोण?

माझं म्हणणं एवढंच की गटात टीचरनं गोष्ट पूर्ण सांगावी आणि मग एक-दोन असे प्रश्न विचारावेत, ज्यांचं ठरीव उत्तर तिच्याही खिशात नाही. 'योना कुठं पळाला?' हा परीक्षेचा प्रश्न. 'निनवे वाचलं तर याला राग का यावा?' हा गटाचा.

कॅम्पातले काका

ताई, लिहिलंय छान, पण पटलं नाही.

मासा वाचवणारा होता हे शंभर टक्के मान्य. मग तक्त्यावरचं तात्पर्य चुकलं, एवढंच ठरलं की नाही? ते दुरुस्त करा. भाकरी करपली म्हणून कुणी चूल मोडत नाही.

तुम्ही पुस्तक दाखवलंत, मीही दाखवतो. मार्क ४:३४ वाचा. येशू लोकांशी दाखल्यांनी बोलायचा, आणि आपल्या शिष्यांना मात्र एकांतात सगळं उलगडून सांगायचा. पेरणाऱ्याचा दाखला घ्या. बी म्हणजे काय, वाटेवरची जमीन म्हणजे काय, काटेरी झुडपं म्हणजे काय, एकेक करून सांगितलंय त्यानं. आता तुमचा सहा-सात पोरांचा गट हा जमाव की शिष्य, ते तुम्हीच ठरवा.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातही मुलांच्या मनावर बिंबवा असंच सांगितलंय. लंडन मिशननं १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केलं, मेथॉडिस्ट त्यांच्यानंतर आले. तेव्हापासून इथली मंडळी कशावर उभी राहिली? पाठांतरावर. आमच्या पिढीला स्तोत्र २३, स्तोत्र १२१, डोंगरावरच्या प्रवचनातली धन्यवचनं तोंडपाठ, कारण कुणीतरी आम्हाला दामटून बसवलं. आजारी माणसाच्या उशाशी बसायची वेळ येते तेव्हा चर्चा उपयोगी पडत नाही, पाठ असलेलं वचन पडतं. मी बसलोय म्हणून सांगतो. जिचं भान हरपलंय ती म्हातारीसुद्धा 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हटलं की पुढची ओळ ओठांनी म्हणते.

आणि एक. नऊ वर्षांच्या पोराला 'तुला काय वाटतं' विचारलं की ते टीव्हीत बघितलेलं सांगतं.

चिकोडीचा पाहुणा

काका, टीव्हीतलं नाही, म्हशीचं सांगितलं त्यानं. आणि अनुवाद ६ मध्येच थोडं पुढं जा, २०वी ओवी. तिथं मुलगा विचारतो आणि बाप उत्तर देतो. वल्हांडण सणाचंही तसंच, निर्गम १२:२६. पोरानं विचारायचं, मग सांगायचं. विचारायच्या आधीच सांगून मोकळं व्हा असं मला तरी कुठं सापडलं नाही.

शहापूरची आई

मी टीचर नाही, मुलाला सोडायला येणारी आई आहे. तुम्हा दोघांच्या भांडणात आमच्यासारख्यांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

माझा मुलगा इंग्रजी शाळेत. दुसरी भाषा कन्नड. मराठी घरात माझ्याशी बोलतो, वाचताना मात्र अक्षरं लावत बसतो. वडिलांकडचे सगळे कन्नड. आमच्याकडेही गट केलेत आणि 'मोकळी चर्चा' सुरू झालीय. काय होतं सांगू? मराठी शाळेतल्या दोन चुणचुणीत मुली सगळं बोलून टाकतात. हा कोपऱ्यात. त्याला मत नाही असं नाही, वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. एकदा त्यानं मधेच कन्नड शब्द घातला तर सगळे हसले, त्या दिवसापासून तोंड बंद.

पाठांतरात मात्र तो कुणाला ऐकत नाही. वचन आठवडाभर घोकतो आणि रविवारी घडाघडा म्हणतो. तेवढ्या दोन मिनिटांत तो सगळ्यांच्या बरोबरीचा असतो. ती दोन मिनिटं काढून घेऊ नका.

आणि गट पांगवताय ते ठीक, पण एका खोलीत एक मोठा माणूस आणि दार बंद, असं कधीच नको. दार उघडं आणि दोन मोठी माणसं. ओळखीतली माणसं आहेत म्हणून हे सोडून देऊ नये.

निपाणीकर

खरं दुखणं या ताईंनी सांगितलं. तात्पर्य राहू द्या बाजूला, आधी वाचायला शिकवा. इंग्लंडात रॉबर्ट रेक्सनं १७८० मध्ये ग्लॉस्टरला रविवारची शाळा काढली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांसाठी. रविवार त्यांना मोकळा म्हणून. शास्त्र वाचता यावं म्हणून अक्षरं शिकवली. आमच्याकडं बिड्या वळणाऱ्या बायकांची पोरं येतात, तीही आता इंग्रजी शाळेतच. नाताळच्या नाटकात मेंढपाळाचे संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून द्यावे लागतात. अर्धा तास देवनागरी घ्या, मग तात्पर्य पोरंच काढतील.

मलप्रभेकाठची

शहापूरच्या ताई, दार उघडं आणि दोघं जण, हे आमच्याकडे आहे आणि त्यात तडजोड नाही. चिंचेखालच्या गटाला तर दारच नाही.

गप्प बसणाऱ्या मुलाचं मात्र सविस्तर सांगते. योनाच्या पहिल्याच अध्यायात वादळ येतं आणि खलाशी घाबरून आपापल्या देवाला हाका मारू लागतात. म्हणजे जहाजावर नाना ठिकाणची माणसं आहेत. आम्ही बाकांचं जहाज केलं आणि सांगितलं, ज्याला जी भाषा येते तिच्यात ओरडा. मराठी, कन्नड, कोकणी, एकाची शेजाऱ्यांकडून उचललेली उर्दू. आतली उपासना थांबायची वेळ आली, पाळकसाहेब खिडकीतून बघून गेले. त्यात कधी न बोलणारी एक मुलगी सगळ्यात मोठ्यानं कन्नडमध्ये ओरडली. हसले सगळेच, पण तिला कुणी हसलं नाही. आता तिच्यासाठी कन्नड सत्यवेद, म्हणजे कन्नड बायबल, जवळ ठेवते, एक ओवी ती त्यातून वाचते. काकांच्या रांगेतल्या पाठांतरात तिला हे जमलं नसतं, कारण वचन मराठीतच हवं असा नियम होता.

निपाणीकर, अर्धा तास देवनागरीला दिला तर गोष्टीला उरतात दहा मिनिटं. बाराखडी शनिवारी घ्या.

सीमावासी

मुद्द्याचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. 'निनवे वाचलं तर योनाला राग का यावा?' हा प्रश्न आपल्या भागात साधा नाही.

निनवे हे शत्रूचं, अश्शूरी लोकांचं मोठं शहर होतं. आमच्या गटात टीचरनं हाच प्रश्न जरा सोपा करून विचारला, 'तुम्हाला कुणाकडं जायला नको वाटतं?' पोरांनी उत्तरं दिली ती घरात ऐकलेली. 'त्या लोकांकडं.' ते लोक कोण, हे बेळगावात सांगायला नको. १ नोव्हेंबर कुणाचा राज्योत्सव आणि कुणाचा काळा दिवस, हे पोरांना पहिलीपासून ठाऊक असतं. १९५६ पासूनचं दुखणं, कोर्टात २००४ पासून पडलेलं, ते रविवारी सकाळी दहा वर्षांच्या पोरांनी सोडवायचं का? आणि गटात एक मूल कन्नड आईचं होतं. त्याचा चेहरा टीचरला दिसला नाही, मला दिसला.

मी मराठीचाच माणूस आहे, मोर्चाला जातो. पण देवळात हा विषय नको. इथं काकांचं तात्पर्य बरं. निदान कुंपण असतं.

कॅम्पातले काका

हेच म्हणतोय मी. प्रश्न मोकळा सोडला की तो कुणाच्या दारात जाईल याचा नेम नाही.

चिकोडीचा पाहुणा

सीमावासी, चेहरा दिसला तर मग बोलायचं की. ते पोरगं हे आधी शाळेत ऐकत होतं, गल्लीत ऐकत होतं. निदान इथं तरी कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं की हे असं बोलू नये.

आणि कुंपण घालून योना सांगताच येत नाही हो. पुढं ख्रिस्तपूर्व ७२२ मध्ये अश्शूरी लोकांनी इस्राएलची राजधानी शोमरोन पाडलं, माणसं हाकलून नेली, २ राजे १७ मध्ये सगळं आहे. ज्यांनी ही गोष्ट पुढं ऐकली त्यांना अश्शूर काय चीज आहे हे माहीत होतं. तरी देव म्हणतो, त्यांचीही मला कीव येते. हे काढलं की मासाच उरतो, तो तुमच्या तक्त्यावर आधीपासून आहे. मी मोर्चाला जात नाही, तुम्ही जाता, म्हणून तुम्हीच ही गोष्ट घेतली तर पोरं जास्त ऐकतील.

फक्त 'तुम्हाला कुणाकडं जायला नको वाटतं' हा प्रश्न नको होता. पोरांना त्यात योनाच्या जागी उभं केलं आणि निनवे त्यांच्या शेजारच्या बाकावर बसलेलं. योनाविषयीच विचारावं. ती आपली आपण जोडतात.

सीमावासी

शेवटचं पटलं. आधीचं नाही.

हुक्केरीचा युवक

सगळ्यांना विनंती, टीचरचंही ऐका. मी बी.कॉम.ला आहे. शनिवारी रात्री नऊला फोन येतो, उद्या गट घे. तक्ता मिळतो, तक्त्याखाली तात्पर्य असतं, तेच सांगतो. नाही सांगितलं तर करायचं काय? मलप्रभेकाठच्या ताई, तुमच्यासारखं गप्प बसायला आधी गोष्ट पोटात असायला लागते. पोरानं 'म्हशीनं काय केलंय' विचारलं असतं तर मी 'गप बस' म्हटलं असतं, खरं सांगतो.

यंदा पुस्तिकेत बायबलमधलं शास्ते हे पुस्तक आहे. पुढच्या रविवारी ११वा अध्याय, इफ्ताह. नवस केला आणि स्वतःच्या मुलीचा बळी गेला. तक्त्यावर तात्पर्य आहे: 'दिलेला शब्द पाळावा.' गटात आठ-नऊ वर्षांच्या मुली आहेत. हे सांगू?

मलप्रभेकाठची

नाही! हे तात्पर्य तर मुळीच नको. पण गोष्टही त्या वयाला नको. मोठ्या गटात, पंधराच्या पुढं, आणि तेव्हाही पाळकसाहेब सोबत असताना.

कॅम्पातले काका

बाळ, तो अध्याय सोडून दे. कमिटीनं विचारलं तर माझं नाव सांग. गिदोन घे, ६वा आणि ७वा अध्याय. ते तीनशे जण, मडकी, मशाली, रणशिंगं. पोरांना मडकी फोडायला दे, जुनी असतील तर.

आणि फोन शनिवारी रात्री येतो हे काही बरोबर नाही. ज्यांनी पुस्तिका निवडली त्यांनी टीचरना बुधवारी एकत्र बसवून अध्याय वाचून घ्यायला हवा. योनाचं पुस्तक मोठ्यानं वाचायला पंधरा मिनिटं पुरतात. मी येतो वाचायला. पण वाचून झालं की त्यातून काय घ्यायचं ते मी सांगणार, हे आधीच सांगून ठेवतो.

मलप्रभेकाठची

सांगा काका. आधी पोरं बोलतील, मग तुम्ही. आणि वचन कन्नडमध्ये म्हटलं तरी गुण पूर्ण, हे परीक्षेच्या कागदावर लिहून घ्या. शहापूरच्या ताईंच्या मुलाला कुठल्या भाषेत म्हणायचंय ते त्यालाच विचारू.

शहापूरची आई

विचारलं. म्हणतो मराठीतच, पण योनाचं नको, दावीद-गल्याथचं द्या.